टोप आमचा, झाकण त्यांचं

रविवारी सकाळी आमच्या कोलशेतच्या घरात जे व्हायचं त्याला धड नाव नव्हतं. सगळे 'टोपातला' म्हणायचे. "आज टोपातला हाय" एवढं काकी बोलली की एरवी हाका मारून घसा बसला तरी न हलणारी पोरं अंथरुणातून उठून चुलीपाशी यायची. शनिवारी रात्री भात मुद्दाम जास्त लावलेला असायचा. सकाळी काकी तो परातीत घेऊन बोटांनी मोकळा करायची, एकेक शीत सुटं होईपर्यंत. आई पाट्यावर ओलं खोबरं वाटून दूध काढायची. मी आणि काकाची वनिता, आम्ही दोघी एका वयाच्या, आमच्याकडे जवळा. जवळा म्हणजे नखाएवढी सुकवलेली कोलंबी, ती भाजून, चोळून, पाखडून घ्यायची, नाहीतर खाताना मिशा घशात टोचतात. मग तळाला केळीचं पान, त्यावर भात, त्यावर जवळा आणि परतलेला कांदा, हिरवी मिरची, पुन्हा भात, आणि सगळ्यात वर नारळाच्या दुधात फेटलेली अंडी. मीठ आमच्याच मिठागराचं, जाडं, किंचित करडं. टोप मंद आचेवर ठेवायचा, वरून लोखंडी झाकण घालायचं आणि त्या झाकणावर निखारे. खालून आच, वरून आच. मधे हात लावायचा नाही. झाकणाला काठ होता, निखारे सांडू नयेत म्हणून, आणि दोन्ही बाजूंना कड्या.

हे झाकण नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून आहे. बाकीच्या दिवशी ते झाकण नसायचंच. आठवडाभर काकी त्याला उलटं-सुलटं करून त्यात सुकट भाजायची, शेंगदाणे भाजायची, कधी भाकरीही. रविवारी ते टोपावर चढायचं. म्हणजे घरातल्यांना ते झाकण, आणि परक्या माणसाला तो तवा.

घर एक, चूल एक, आणि चुलीवर सत्ता काकीची. आई मोठी जाऊ, पण आई मिठागरावर बाबांच्या बरोबरीनं राबलेली, तिला स्वयंपाकाचा सोस नव्हता. "तुजा हात मोकला, तूच बघ" असं तिनंच काकीला लग्नाच्या नव्या नवलाईत सांगून टाकलेलं म्हणे. दोघींचं जमायचं. भांडायच्याही, पण भांडताना हात थांबायचे नाहीत. आणि टोप उतरला की ओसरीवर पंगत. बाबा आणि काका भिंतीला टेकून, समोर आम्ही पोरं, मधे टोप. झाकण काढलं की जो वास यायचा तो मला आजही सांगता येत नाही. लिहिणाऱ्यांनी असं म्हणू नये, पण मी काही लेखिका नाही, सांगता येत नाही तर नाही.

आता माझ्या कोपरच्या घरात ओव्हन आहे. बटण दाबलं की वरची-खालची कांडी एकदम लाल होते, निखाऱ्यांची कटकट नाही. मुलगा पुण्याहून येतो त्या शनिवार-रविवारी मी काचेच्या भांड्यात टोपातलं लावते. सूनबाई आवडीनं खाते, नातू सॉस घेतो. मी काही बोलत नाही. ते आले नाहीत की मी लावत नाही, एका माणसासाठी ते होत नाही, कमी केलं की सुकतं. तर असे बरेच रविवार मी पोळीचा कुस्करा खाऊन काढते, आणि अशाच एका रविवारी हे लिहायला बसले.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी कोणालाही, न विचारता, सांगते. मुलगा म्हणतो, आई, प्रत्येक वेळी काय गं. प्रत्येक वेळी. ज्याच्या घरात आजोबापासून सगळे शिकलेले त्याला नाही कळायचं. पण त्या पदवीची सुरुवात कशी झाली हे मात्र मी फारसं सांगत नाही.

मॅट्रिकला मी आणि वनिता एकदमच बसलो, आणि दोघी पास झालो. वनिताचे मार्क माझ्याहून फार कमी नव्हते. बाबा तेव्हा मिठागर सोडून आमच्याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागलेले. तिथल्या कोणा साहेबाच्या मुलीचं बघून म्हणा, की आपल्या मनानं म्हणा, त्यांनी ठरवलं की मी कॉलेजात जायचं. ठाण्याला, बसनं. काकाला हे पंगतीतच कळलं. टोपाचं झाकण अजून निघालेलं नव्हतं.

"वनी घरी बसनार नि सुमी कॉलेजान जानार?" काका म्हणाला.

"वनीला पन घाल. मी नाय म्हनत नाय," बाबा म्हणाले.

"आपल्यान पोरींना कॉलेजान कोन घालतो? उद्या सोयरीक कोन करील?"

"तुजी इच्छा. माजी पोर जाईल."

"जाईल ना. सकाली पुस्तक काखेला मारून जाईल. नि तिची भांडी कोन घासल? माजी पोर. तिच्या भाकऱ्या कोन थापल? माजी बायको. एका घरान एक बाय रानी नि एक बाय मोलकरीन, असा नाय चालनार, दादा."

बाबा गप्प राहिले. ते गप्प राहिले ते मला तेव्हा त्यांचा मोठेपणा वाटला. काकाचं बोलणं चूक नव्हतं, हे मला आज दिसतं. वनिताला घालायचं धाडस त्याला नव्हतं आणि माझ्या जाण्यानं त्याचं धाडस नसणं रोज सकाळी बसस्टॉपवर उभं राहणार होतं. तो उठला आणि न खाता गेला. काकीनं झाकण काढलं, आम्हाला वाढलं, आणि स्वतःला घेतलं नाही.

मी कॉलेजात गेले. दिवाळीच्या आत वाटणी झाली.

वाटणीला गावातली चार मोठी माणसं बसली. शेत, मिठागराचा राहिलेला तुकडा, घर, आणि शेवटी भांडी. भांडी अंगणात मांडली होती आणि एक म्हातारबा काठीनं दाखवत होते, हे इकडे, हे तिकडे, जोडीला जोड. तांब्याचा मोठा टोप थोरल्याला, म्हणजे बाबांना. मग तव्यांची पाळी आली. आमच्या बाजूला भाकरीचा तवा पडलेला. म्हातारबांनी ते लोखंडी झाकण काठीनं सरकवलं आणि म्हणाले, "ह्यो तवा धाकल्याला."

आई आणि काकी दाराच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. दोघींनी एकदम तोंड उघडलं आणि दोघींनी एकदम मिटलं. वाटणीत बायकांनी बोलायचं नसतं. आणि बाबा आणि काका, ज्यांनी जन्मभर रविवारी त्या झाकणाखालचं खाल्लेलं, त्यांच्यातला एकही म्हणाला नाही की अहो, तो तवा नव्हे, ते ह्या टोपाचं झाकण. मला वाटतं बाबा बोलले असते तर 'झाकणासाठी मरतो' असं झालं असतं, आणि काकाचं बोलणं 'टोपावर डोळा' असं झालं असतं. टोप इकडे आला, झाकण तिकडे गेलं. महिनाभरात मधे भिंत आली. घरात आढ्यापर्यंत, आणि मागे परसात छातीएवढी. परसातली भिंत, विटा संपल्या म्हणून, तेवढीच राहिली.

भिंत एका विटेची होती. ठाण्यातल्या आताच्या टॉवरांत शेजारी मेला तरी कळत नाही. आमच्या भिंतीतून पलीकडचं कांकण वाजलेलं ऐकू यायचं. पाट्यावर वरवंटा फिरला की आवाजावरून कळायचं खोबरं आहे की मिरची. काका खोकला की बाबा पेपराचं पान उलटायचे. वनिताचं हसणं मात्र ऐकू येईना. ती हसत नसावी किंवा भिंतीपासून लांब जाऊन हसत असावी. आम्हा दोघींना बोलायची बंदी होती. बस धरायला मी सकाळी निघायचे तेव्हा ती नळावर असायची. आधी ती वर बघायची. मग नुसती बादली सरकवायची. पुढे पुढे मी यायची वेळ झाली की ती नळावर नसायचीच.

आणि रविवार. रविवारी आमच्याकडे चहा आणि रात्रीची भाकरी. टोप फडताळावर उपडा पडलेला, त्याची कल्हई काळवंडायला लागली.  रविवारी सकाळी आईला काही सुचायचं नाही, उगाच झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची.

कॉलेजात मला मैत्रीण अशी एकच, नौपाड्यातली. वडील, आजोबा, सगळे नोकरदार शिकलेले लोक, पुस्तकांचं कपाट घरात. माणसं वाईट नव्हती. मी 'पानी' म्हटलं की ती हळूच 'पाणी' म्हणायची, चूक काढल्यासारखी नाही, सवयीनं. मी वर्षभरात सुधारले. आज माझं बोलणं ऐकून कोणी म्हणणार नाही मी कुठली, आणि याचा मला अभिमान आहे की दुःख, ते वारावर असतं. तिच्या आईनं एकदा विचारलं, तुमच्याकडे रविवारी नाश्त्याला काय असतं? मी सांगायला लागले, भात, नारळाचं दूध, जवळा. "जवळा? सकाळी?" त्या म्हणाल्या आणि लगेच सावरून, "छान लागत असेल हं," म्हणाल्या. मी पुढचं निखाऱ्यांचं सांगितलंच नाही. त्यांच्या घरी साबुदाण्याची खिचडी होती, लिंबू पिळून. ती खाताना मला कळलं की इथे मी पाहुणी आहे, आणि आता घरीही पाहुणीच आहे. कॉलेजात गेलेली पोर म्हणून गावातल्या बायका मला बघून पदर सारखा करायच्या, जशा शाळेच्या बाईंना बघून करतात. मी तेव्हा अठराची पण नव्हते.

माझ्या शेवटच्या वर्षाला वनिताचं लग्न ठरलं. कल्याणचं स्थळ, बाजारात भावंडांचं दुकान, घर भरलेलं. आम्हाला कळलं ते भिंतीतून. पलीकडे बायका जमल्या, गाणी झाली, आई इकडे तांदूळ निवडत होती ती निवडतच राहिली, निवडलेले पुन्हा निवडले.

आमच्यात लग्न ठरलेल्या मुलीला केळवण पहिलं चुलत्याच्या घरचं. मग मामा, मग आत्या, मग गाव. चुलत्याच्या घरचं झालं नाही तर बाकीच्यांचं होतं, अडत नाही, पण पोरगी ते घर वगळून सासरी जाते, आणि मग त्या घराशी तिचं काही राहिलं नाही असं धरतात. सणाला येते तेव्हा त्या दारात वळत नाही. मला हे ठाऊक होतं. मी बाबांना म्हटलं, "वनीचं केळवण करायचं."

"तिच्या बापान येऊन सांगावा," बाबा म्हणाले. "मी कशाला जाऊ?"

"सांगायचं त्यांनी नसतं, बाबा. बोलवायचं आपण असतं."

"कॉलेजान ह्येच शिकवतान?"

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मी कय बोलू." पण शनिवारी रात्री तिनं तांदूळ मापताना माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक माप घातलं. भात जास्त झाला. बाबा बघत होते. मग त्यांनी पेपराचं पान उलटलं.

रविवारी सकाळी मी परसात तीन विटांची चूल मांडली. मुद्दाम परसात, भिंतीशी. केळवण घरात करता येत नसेल तर वास तरी पलीकडे जाईल, एवढाच माझा बेत होता. पुढे काय ते मी ठरवलं नव्हतं. टोप चिंचेनं घासला. आईनं खोबऱ्याचं दूध काढून दिलं आणि झाडू घेऊन मागच्या ओसरीवर गेली, म्हणजे कोणी विचारलं तर तिचा यात हात नाही. थर मी लावले. आयुष्यात पहिल्यांदा. काकीच्या शेजारी बसून इतकी वर्षं बघितलेलं, पण बघणं वेगळं. झाकण नव्हतं म्हणून मी आमची परात उपडी... नाही, सुलटी ठेवली टोपावर, आणि तिच्यात निखारे घातले.

परात पातळ जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. थोड्या वेळात ती तापली आणि 'टण्' करून मधे फुगली. निखारे घरंगळून एका बाजूला. मी चिमट्यानं सारखे केले, ती पुन्हा 'टण्'. एक निखारा खाली चुलीत पडला आणि राख उडाली. परात उचलून बघते तर वरचं अंडं एकीकडे काळं आणि बाकी नुसतं पाणी, आणि त्यावर राखेचे ठिपके. खालून मात्र करपल्याचा वास यायला लागलेला. मी तिथेच उकिडवी बसले. मोठ्यानं रडले नाही, पण भिंतीला ऐकू जाईल एवढं नाक नक्की ओढलं असणार.

तेव्हा पलीकडून काकीचा आवाज आला. माझ्याशी नाही. कोंबड्यांशी.

"काय गो बायांनो," काकी दाणे टाकता टाकता म्हणाली, "परातीवर कोन निखारे ठेवतो? जर्मनचा पत्रा त्यो. तापला की वाकनारच. येवढा शिकलेल्या मानसांना कलत नाय?"

 आमच्या ओसरीवर आईचा झाडू थांबला. आमच्याकडेही कोंबड्या होत्या, एक म्हातारी आणि दोन तरण्या तलंगा. आई परसात आली, म्हातारीकडे बघून म्हणाली, "काय करनार गो, म्हातारे. टोप हाय, झाकन नाय. ज्यांच्याकडं झाकन हाय त्यांच्याकडं टोप नाय."

"झाकन काय," पलीकडून, "तवा म्हनून दिलेलान त्या खुळ्यान. आमी त्याच्यान सुकट भाजतंव."

"आमी टोप उपडा टाकलाय, म्हातारे. कल्हई गेली त्याची."

"आग काढा म्हनावा आधी खालची. करपतंय ता. वास येत नाय कोनाला?"

मी धावत जाऊन खालची लाकडं ओढली. आई कोंबडीकडे बघत होती, आणि तिचे ओठ असे दाबलेले की हसतेय की काय ते कळेना. मग भिंतीवर लोखंड घासल्याचा आवाज झाला. बघते तर झाकण. भिंतीच्या वर, आडवं ठेवलेलं, दोन कड्या दोन्हीकडे, अर्धं त्यांच्या बाजूला आणि अर्धं आमच्या. ठेवणारे हात गेलेले.

वरची राख मी चमच्यानं काढली, राहिलेलं अंडं-दूध पुन्हा ओतलं, झाकण चढवलं. निखारे भरताना पलीकडून, कोंबड्यांना: "कडेला जास्ती. मधी कमी. मधला आपोआप होतो."

झालं तेव्हा चांगलं झालं. तळ करपलेला, पण वर नीट बदामी. प्रश्न पुढचा होता. मी भिंतीपाशी गेले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा नाव घेऊन हाक मारली. "वने."

आत काका खोकला. मग वनिता आली. हळदीच्या आधीची, हिरव्या बांगड्या भरलेली, अंगानं भरलेली, मी जिला नळावर बघत होते तीच आणि अजिबात ती नाही. ती भिंतीपर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, "बाबा बोलले, उंबरा वलांडायचा नाय."

"मग?"

"भिंतीला उंबरा नाय," वनिता म्हणाली.

आई कुंकवाचा करंडा आणि खण घेऊन आली. केळवणाला मुलीला पाटावर बसवतात, रांगोळी काढतात, पंगत असते. आईनं भिंतीवरून हात लांब करून तिला कुंकू लावलं, खण आणि नारळ भिंतीवर ठेवला, तिनं पदरात घेतला. मग ताट भिंतीवर. ती तिकडे उभी, मी इकडे उभी, मधे छातीएवढी वीट, आणि आम्ही दोघी एका ताटात जेवलो. भिंत खडबडीत होती, ताट डुगडुगत होतं, म्हणून दोघींनी एकेक हातानं धरलेलं.

"मीठ कमी," ती म्हणाली.

"मिठागरवाल्यांच्यात जन्मून," मी म्हटलं.

"तूच घातलास ना? म्हंजे बरोबर." मग बराच वेळ ती नुसती खात राहिली. मग म्हणाली, "कॉलेजान काय शिकवतान गो?"

"अर्थशास्त्र."

"म्हंजे काय?"

मला नीट सांगता येईना. परीक्षेत मी त्याचं पानभर उत्तर लिहायचे. "म्हंजे... जे हाय ते कसा वाटायचा, त्याचा शास्त्र."

वनितानं माझ्याकडे बघितलं, मग टोपाकडे, मग झाकणाकडे, आणि ती हसली. तोंडात घास असताना, ठसका लागेपर्यंत. "मंग त्या म्हातारबाला घाल तुज्या कॉलेजान," ती म्हणाली. मीही हसले. आई तोंडाला पदर लावून आत गेली. पलीकडे काकीनं कोंबड्यांना जोरानं हाकललं, हसू लपवायला असणार. तेवढा वेळ, एका ताटाचा, ते घर पुन्हा एक होतं असं मी म्हणू शकले असते. पण ओसरीवर बाबा आमच्याकडे पाठ करून बसलेले होते, आणि काका आतून बाहेर आला नव्हता.

आईनं काकासाठी ताटली भरून दिली. वनिता ती आत घेऊन गेली. परत आली तेव्हा मी डोळ्यांनीच विचारलं.

"झाकून ठेवलाय," ती म्हणाली.

त्यानं खाल्लं की नाही ते मला कधीच कळलं नाही. पुढे खूप वर्षांनी वनिताला विचारलं तर म्हणाली, अगं मला काय आठवतंय, माझ्या लग्नाची गडबड होती. दुपारी ताटली भिंतीवर परत आली, घासलेली, तिच्यात मूठभर तांदूळ. रिकामी द्यायची नसते, म्हणून. तांदूळ काकीनं घातले असणार. बाबांनी झाकण पुसून भिंतीवर ठेवलं. ते काही दिवस तसंच पडून होतं, न्यायचं कोणी हा प्रश्न होता. मग लग्नघरातल्या कोणीतरी, ज्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, सुकट भाजायला तवा दिसला म्हणून उचलून नेला.

लग्नाला बाबा गेले नाहीत. मी आणि आई गेलो, पाहुण्यांच्या घोळक्यात मागे उभ्या राहिलो आणि सगळ्यांसारख्या अक्षता टाकल्या. वरात कल्याणला गेली. लोक विचारतात की मग नंतर मिटलं का. मिटलं असं नाही. म्हातारपणी दोघे भाऊ एकमेकांना बघायला दवाखान्यात जायचे, बिल्डरच्या करारावर शेजारी बसून सह्या केल्या. त्याला मिटणं म्हणायचं तर म्हणा. पण ती पंगत पुन्हा बसली नाही. वनिता मात्र माहेरी आली की आमच्या दारात वळायची, शेवटपर्यंत वळली, आणि ते मी केलं. पदवीइतकंच हेही मी केलं.

लग्नानंतरचा रविवार. माझी शेवटची परीक्षा जवळ आलेली. मी घरातल्या भिंतीशी पाट टाकून मोठ्यानं वाचत होते, मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात जायचं नाही. घरात आई नव्हती, बाबा कारखान्यात जादा पाळीला. पलीकडे काकी एकटीच असावी, कारण एकट्या माणसाच्या घरातले आवाज वेगळे असतात, एक संपल्यावर दुसरा सुरू होतो. पाटा थांबला. मग चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा चरचराट झाला, आणि काकीनं सवयीनं हाक मारली, "वने गो, दूध बग!"

आणि गप्प झाली. दूध चरचरत राहिलं. मला तिचं ते गप्प होणं सहन झालं नाही. मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "काय गो काकी? मी येऊ?"

कोंबड्यांना नाही, कोणाला मधे न घालता.  दुधाचा आवाज थांबला, तिनं उतरवलं असावं. मग भिंतीच्या अगदी जवळून, ती टेकून उभी राहिली असावी इतक्या जवळून, तिचा आवाज आला.

"तू नको गो," काकी म्हणाली. "तू वाच. मी आयकतंय."

मी पान उलटलं आणि वाचायला लागले.